पऱ्हाटीचे पेलेट : नफा वाळवणीत आहे

कापसाची वेचणी संपली की विदर्भात घरच्या जळणापुरत्या पऱ्हाट्या ठेवून बाकीच्या पुष्कळदा बांधावर जाळल्या जातात. हेक्टरी 2 ते 3 टन भरणारे हे इंधन होय. त्याची कुट्टी करून, ती भरडून व साच्यातून दाबून पेलेट तयार होतात. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात शेकडा 5 भाग पेलेट मिसळावेत, असे धोरण केंद्र शासनाने 2021 साली जाहीर केले. तेव्हापासून या मालास मोठे गिऱ्हाईक लाभले आहे. तथापि या धंद्यातील नफा-तोटा पुष्कळसा ओलाव्यावर ठरतो.

हिशेब सोपा आहे. शेकडा 40 ओलाव्याच्या 1,000 किलो पऱ्हाटीत सुका भाग 600 किलोच असतो. तिच्यापासून शेकडा 10 ओलाव्याचे पेलेट सुमारे 667 किलो मिळतात. ओलावा शेकडा 20 असल्यास तेच 889 किलो होतात. वजन तेच, पण मालात 222 किलोंचा फरक. शिवाय पाण्याचे गाडीभाडे व ते आटविण्याचे जळण निराळेच.

यास्तव उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांची माती झटकावी; मातीने साचा झिजतो व राख वाढते. गावातच कुट्टी करून ती उन्हात पातळ पसरावी. सुट्या पऱ्हाट्यांनी गाडी भरते, पण वजन भरत नाही. ढीग फार दिवस ठेवू नयेत. त्यांत शेंदरी बोंडअळीस आश्रय मिळतो.

खरेदी नुसत्या वजनावर न होता ओलावा मोजून व्हावी, हे ग्रामसेवकांनी गावास समजावून द्यावे. तसे झाले तरच वाळविणाऱ्याच्या श्रमांचे मोल त्याच्या पदरी पडेल.