बंदराची जमीन

आपल्या घरांतील तुरीची डाळ व खाण्याचें तेल हीं कोठून येतात, असा प्रश्न एखाद्या गृहिणीला केला तर ती कोपऱ्यावरील वाण्याचें नांव सांगेल, आणि त्यांत तिची चूक नाहीं. परंतु आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो, आणि तुरीची तूट ब्रह्मदेश व पूर्व आफ्रिका येथील मालानें भरून काढावी लागते. हा माल कोठल्या ना कोठल्या बंदरांत उतरतो. तेव्हां बंदर हा खलाशांचा व व्यापाऱ्यांचा विषय, असें समजून सुशिक्षित कुटुंबांनीं त्याकडे पाठ फिरवावी, हें बरें नव्हे.

बंदर म्हटलें कीं डोळ्यांपुढें जहाजें उभीं राहतात. पण जहाज आज येतें नि उद्यां जातें. मागें राहते ती जमीन. त्या जमिनीचा उपयोग कोणी व कसा करावयाचा, यावर बंदराचेंच नव्हे, तर त्याच्या पाठीमागील शहराचेंही बरेंवाईट अवलंबून असतें. या दृष्टीनें मुंबई बंदराची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

समुद्रांतून काढलेली भूमि

मुंबईकर हवा खावयास जातो तो चौपाटीवर, म्हणजे पश्चिमेच्या समुद्राकडे. पूर्वेचा किनारा त्यानें क्वचितच पाहिलेला असतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवस-मोऱ्याकडे जाणारे उतारू सोडले, तर तिकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंत सुमारें २८ किलोमीटर लांबीचा हा किनारा आणि त्यालगतची सातशें हेक्टरांहून अधिक जमीन बंदराच्या ताब्यांत आहे. तिचा मोठा भाग निसर्गानें दिलेला नाहीं; भरतीच्या पाण्यांत भर टाकून तो माणसानें मिळविलेला आहे.

ज्यांच्या नांवानें तो धक्का आजही ओळखला जातो, ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. मूळचा धक्का या मराठी गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बांधला. पुढें या धंद्यांत खासगी कंपन्या उतरल्या. १८५८ सालीं एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली व तिनें समुद्र हटवून विस्तीर्ण जमीन तयार केली. पण सगळा किनारा एका कंपनीच्या मुठींत गेला, तर ती मागेल तें भाडें व्यापाराला निमूटपणें द्यावें लागेल, ही भीति सरकारास वाटूं लागली. म्हणून १८७० च्या सुमारास सरकारनें ती मिळकत विकत घेतली, आणि १८७३ सालीं बंदराचा कारभार पाहण्यासाठीं विश्वस्त मंडळ, म्हणजेच पोर्ट ट्रस्ट, स्थापन झालें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. बंदराची जमीन सार्वजनिक झाली ती योगायोगानें नव्हे. खासगी मक्तेदारीचा धोका ओळखून, बुद्धिपुरस्सर ती तशी करण्यांत आली.

त्यानंतर १८८० मध्यें प्रिन्सेस, १८८८ मध्यें व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्यें अलेक्झांड्रा (आजची इंदिरा) अशा तीन गोद्या खुल्या झाल्या. तिसरी गोदी खणतांना निघालेले माती-दगड वायां न घालवितां त्यांनींच समुद्राचा एक तुकडा भरून काढला, व त्या सुमारें २२ एकरांवर बॅलार्ड इस्टेट वसली. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाच्या योजनेप्रमाणें तेथें रुंद रस्ते व एकमेकींशीं मेळ राखणाऱ्या इमारती झाल्या. एका कामाची अडगळ दुसऱ्या कामाचें भांडवल झाली. आज ज्याला मोठमोठीं नांवें देतात तें काटकसरीचें शास्त्र त्या काळच्या अभियंत्यांना ठाऊक होतें, असें यावरून दिसतें.

पाण्याकांठचा पहिला मान

जुन्या वाड्यांत कोणती वस्तु कोठें असावी याचा एक अलिखित नियम असे. विहिरीजवळ न्हाणीघर, माजघराला लागून स्वयंपाकघर, आणि गोठा परसांत. गोवऱ्यांचा ढीग चुलीला टेकून कोणी रचीत नसे. बंदराच्या जमिनीची योजना म्हणजे याच नियमाचें मोठें रूप होय. पाण्याकांठचा पहिला मान ज्याला पाण्यावांचून गत्यंतर नाहीं त्याचा; म्हणजे धक्का, जहाजदुरुस्तीचा कारखाना आणि कोळ्यांची होडी यांचा. गोदामें व कचेऱ्या थोड्या मागें सरकल्या तरी चालतात. आणि ज्यापासून आगीचें वा विषाचें भय आहे, त्यानें वस्तीपासून पुरेसें अंतर राखलेंच पाहिजे.

हा नियम मोडला कीं काय होतें, तें मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें. व्हिक्टोरिया गोदींत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजांत दारूगोळा आणि कापसाचे गठ्ठे एकत्र भरलेले होते. कापसानें पेट घेतला, आणि लागोपाठ झालेल्या दोन स्फोटांनीं गोद्या व आसपासची वस्ती उद्ध्वस्त केली. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. आग विझवितांना अग्निशामक दलाचे ६६ जण कामास आले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

पुढें व्यापाराची रीतच पालटली. सुटी पोतीं व गठ्ठे जाऊन लोखंडी पेट्या, म्हणजे कंटेनर, आले. त्यांना खोल पाणी तर लागतेंच, पण धक्क्यामागें विस्तीर्ण मोकळें अंगणही लागतें. दाटीवाटीच्या मुंबई बेटावर तें कोठून मिळणार? म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं नवें बंदर सुरू झालें. २०२४-२५ या वर्षांत तेथें वीस फुटी मापानें सुमारें ७३ लाख पेट्यांची चढउतार झाली. इकडे मुंबईस खनिज तेल, पोलाद व मोटारगाड्या यांची वाहतूक उरली. आणि ज्या प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्या पूर्वजांनीं कष्टानें खणल्या, त्या पेट्या ठेवण्यास जागा हवी म्हणून पुनः भरून टाकण्यांत आल्या.

मुद्दल आणि व्याज

नवें बंदर फुकट मिळालें नाहीं. उरणच्या भातखाचरांवर, मिठागरांवर व कोळीवाड्यांवर त्याचा भार पडला. नवी मुंबईसाठीं चाललेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं गोळीबार होऊन पांच जण मृत्युमुखीं पडले. संपादित जमिनीच्या मोबदल्यांत साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व त्या लढ्यांतून पदरीं पडलें. जुना शेवा कोळीवाडा उठवून जेथें वसविला, त्या हनुमान कोळीवाड्यांत वाळवीनें घरें पोखरलीं, आणि दुसऱ्या जागेसाठीं ग्रामस्थांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला वाळवी दिसत नाहीं. ती तेथें राहणाऱ्याला दिसते.

१९८७ सालीं श्रीमती ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें शाश्वत विकासाची व्याख्या जगापुढें मांडली: आजची गरज भागवावी, पण पुढील पिढ्यांना आपली गरज भागवितां येणार नाहीं असें करूं नये. आपल्या घरांत हीच गोष्ट साध्या शब्दांत सांगतात. व्याजावर संसार करावा, मुद्दलास हात लावूं नये. बंदराचें मुद्दल म्हणजे खाडी, तिचा चिखल, कांठचीं खारफुटीचीं झाडें आणि भरतीच्या पाण्याला पसरावयास मोकळी जागा.

शिवडीच्या धक्क्याजवळ हें मुद्दल डोळ्यांनीं पाहतां येतें. ओहोटी लागली कीं तेथील चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. दिसावयास ओंगळ असा तो चिखल त्यांचें ताट आहे, आणि माशांच्या पिलांचा पाळणाही आहे. ठाण्याच्या खाडींत या पक्ष्यांसाठीं २०१५ सालीं अभयारण्य झालें व २०२२ मध्यें त्या पाणथळीला रामसर यादींत स्थान मिळालें. पण शिवडीचा किनारा त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिला. त्याच शिवडीहून १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झालेला अटल सेतु समुद्र ओलांडतो. पक्षी आणि पूल दोन्ही हवे असतील, तर मधला चिखल राखलाच पाहिजे.

निर्णयाची वेळ

आतां प्रश्न असा कीं, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील मोकळ्या होत चाललेल्या जमिनीचें करावयाचें काय? २०१४ सालीं श्रीमती राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. २०१८ मध्यें आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. २०२१ च्या कायद्यानें ट्रस्टचें प्राधिकरण झालें, आणि स्थानिक नियमांहून स्वतंत्रपणें आराखडा करण्याचा अधिकार बंदरांना मिळाला. अधिकार वाढला कीं त्यावरील लोकांची नजरही वाढावयास हवी. बंदराच्या भाडेकरूंच्या खटल्यांत २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलेंच आहे कीं, सार्वजनिक मालकानें केवळ नफेबाज घरमालकाप्रमाणें वागूं नये.

आमच्या मतें तीन गोष्टी सोडूं नयेत. समुद्रावांचून ज्यांचें चालत नाहीं, त्या कामांसाठीं व कोळ्यांसाठीं कांठ राखून ठेवावा. तेथें घाम गाळून राहिलेल्या गरीब कुटुंबांना उठवावयाचें झाल्यास आधीं राहण्याजोगें घर द्यावें, आणि मग जुन्याला हात लावावा. उरलेल्या जमिनींत झाडांना, मैदानांना व भरतीच्या पाण्याला भरपूर वांटा द्यावा. समुद्राची पातळी वाढत असतां सखल भरावावर उंच इमारती दाटीनें बांधणें हें शहाणपण नव्हे. आणि जमीन द्यावयाचीच तर मुदतीच्या कराराने द्यावी. कायमची विकूं नये. ज्या कारणासाठीं ती सार्वजनिक झाली, तें कारण अजून संपलेलें नाहीं.

हा विषय मुंबईपुरता नाहीं. पालघर जिल्ह्यांत वाढवण येथें ३० ऑगस्ट २०२४ रोजीं नव्या महाबंदराची कोनशिला बसली. तेथें सुमारें १४०० हेक्टरांहून अधिक समुद्र भरावयाचा असून किनाऱ्यावरील मच्छीमारांनीं त्यास विरोध केला आहे. उरणची गोष्ट तेथें पुनः घडूं नये, ही जबाबदारी एकट्या सरकारची नाहीं. आराखड्याचा मसुदा निघाला कीं त्यावर हरकती मागविल्या जातात, आणि मुदत संपेपर्यंत बहुतेकांना त्याची वार्ताही नसते. घर घेतांना खरेदीखत दहादां वाचणारे आपण; हा नकाशाही रात्रीच्या जेवणानंतर घरांतल्या सर्वांनीं मिळून एकदां पाहावा, आणि जें खटकेल तें मुदतींत लिहून कळवावें.