फासे टाकणारे (९) : कंपनी बुडाली तर?

संगणक डंजन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसू शकेल का, यावर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. सांगलीच्या एका वाचकाने पत्रात विचारलंय, ‘हा सगळा खेळ एका अमेरिकी कंपनीच्या मुठीत आहे. उद्या ती बुडाली तर आम्ही काय खेळायचं?’ हा माझा लाडका विषय, त्यामुळे दोन ओळींत उरकणं मला जमायचं नाही.

मुळात कंपनी एकदा बुडता बुडता वाचलेली आहे. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआरच्या १९९६च्या अखेरीस नाकातोंडात पाणी गेलं. दुकानांतून न खपलेला माल परत येत होता, छापखान्याचं बिल थकलं होतं, आणि छापखान्याने पुढची पुस्तकं छापायला नकार दिला. ‘ड्रॅगन’ मासिकसुद्धा काही महिने बंद पडलं. गंमत अशी की या काळात खेळणारे आपापल्या घरी खुशाल खेळतच होते. १९९७त ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळावर गब्बर झालेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली. दोन वर्षांनी हॅस्ब्रोने विझर्ड्सलाच गिळलं.

या खरेदीत पुढे असलेल्या रायन डान्सी या गृहस्थांनी यातून धडा घेतला. कंपनी गेली तरी नियम जगले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा सोबत ‘ओपन गेम लायसन्स’ आलं. मूळ नियमांचा मजकूर घ्या, त्यावर आपली साहसं लिहा, छापा, विका, रॉयल्टी शून्य. हा नुसता परोपकार नव्हता. साहसं इतरांनी लिहावीत आणि नियमांचं जाडजूड पुस्तक मात्र आपलं खपावं, असा रोकडा हिशेब त्यात होता.

कायद्याचं थोडं सांगायला हवं. अमेरिकी कायद्यात खेळण्याच्या रीतीवर कॉपीराइट मिळत नाही, तो मिळतो शब्दांवर. पुरणपोळी कुणीही करावी, पण ‘रुचिरा’ची पानं उचलून आपल्या नावावर छापू नयेत, तसं. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला बोनस मिळवायचा, ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. पण रीत कुठे संपते आणि शब्द कुठे सुरू होतात, याचा निकाल कोर्टात लावायचा म्हणजे छोट्या प्रकाशकाचं दिवाळं. लायसन्सने ती भीती घालवली.

२००८त चौथी आवृत्ती आली ती बऱ्याच जाचक अटी घेऊन. तेव्हा पायझो या प्रकाशन संस्थेने तिसऱ्या आवृत्तीचाच मजकूर घेऊन, डागडुजी करून, २००९मध्ये ‘पाथफाइंडर’ काढला. कंपनीच्या जुन्या खेळाने कंपनीच्याच नव्या खेळाला घाम फोडला, आणि तोही कंपनीनेच दिलेल्या परवान्याच्या जोरावर!

ही सल बहुधा राहिली असावी. जानेवारी २०२३मध्ये नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उलाढाल गेली की वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी, आणि ती नफ्यावर नव्हे, उलाढालीवर. या धंद्यात इतका नफाच सुटत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुनं लायसन्स यापुढे अधिकृत नाही, असं कंपनी म्हणू लागली. ते कधीच मागे घेतलं जाणार नाही, असं वीस वर्षं सगळे धरून चालले होते, पण मजकुरात तसं स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं.

मग जे झालं ते मी या छंदात कधी पाहिलं नव्हतं. लोकांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी धडाधड बंद केली. आठ महिने पुरेल असा ‘पाथफाइंडर’चा साठा दोन आठवड्यांत संपला, असं पायझोने जाहीर केलं. नरमाईचा दुसरा मसुदाही लोकांनी झिडकारला. २७ जानेवारीला कंपनीने हात टेकले आणि पाचव्या आवृत्तीचे चारशेच्या वर पानांचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. हा परवाना मागे घेता येत नाही.

पायझोने मात्र पुन्हा विश्वास ठेवला नाही. त्यांनी ‘पाथफाइंडर’ धुऊन काढला. ‘मॅजिक मिसाइल’ या मंत्राचं नाव बदलून ‘फोर्स बराज’ केलं, पात्रं सज्जन की दुर्जन हे ठरवणारे नऊ खण काढून टाकले. मला ते खण कधीच आवडले नव्हते, त्यामुळे मी त्यांच्यासाठी रडणार नाही.

तर सांगलीकर, उत्तर असं : कंपनी बुडाली तर नवी चकचकीत पुस्तकं, बोधचिन्ह, तिची ठरावीक विश्वं आणि काही नावाजलेले राक्षस कज्ज्यात अडकतील. पण त्या चारशे पानांतला चिलखत १५ आणि जीव ७ असलेला गॉब्लिन कुठे जात नाही. वीस फूट त्रिज्येत फुटून सहा बाजूंच्या आठ फाशांइतकी इजा करणारा फायरबॉलही जात नाही. खेळाची मालकी आता कुणाला परत घेता येणार नाही. माझ्या मते या छंदाच्या भवितव्यासाठी गेल्या वीस वर्षांत याहून मोठी गोष्ट घडलेली नाही.

आणि हो, या परवान्यात भाषांतरही बसतं. कंपनीने स्वतः फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतरं काढली. मराठीसाठी तिची वाट बघायची गरज नाही. मूळ मजकुराचं श्रेय द्यायचं, आपण बदल केलेत हे सांगायचं, की छापायला आणि विकायलाही मोकळे. कुणी सुरुवात करत असेल तर मला जरूर कळवा. मंत्रांची प्रकरणं मी तपासून देईन.