हस्तव्यवसाय शिक्षण

सर्वसाधारण शाळेतील मुलांना हाताने उपयुक्त वा सुंदर वस्तू घडविण्याचे जे शिक्षण दिले जाते, त्यास हस्तव्यवसाय शिक्षण असे म्हणतात. कारागीर तयार करणे हा त्याचा हेतू नसतो. हात, डोळा व बुद्धी यांचा मेळ घालणे, साहित्याच्या गुणधर्मांची प्रत्यक्ष ओळख करून देणे आणि श्रमाविषयी आदर निर्माण करणे, हे त्याचे उद्देश होत. औद्योगिक शिक्षणाहून ते याच बाबतीत वेगळे ठरते. व्यवहारात मात्र हा भेद सांभाळणे अवघड गेले असून कधी उत्पन्नाचा, तर कधी परीक्षेचा विचार त्यावर मात करीत आला आहे.

पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) व फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी मुलाच्या कृतिशीलतेला शिक्षणात स्थान दिले. फ्रोबेलच्या विचारांनी प्रभावित झालेल्या उनो सिग्नेउस (१८१०–८८) यांच्या प्रयत्नांमुळे फिनलंडमध्ये १८६६ च्या कायद्याने लोकशाळांत हस्तव्यवसाय समाविष्ट झाला. स्वीडनमध्ये ओटो सालोमन (१८४९–१९०७) यांनी नेस येथे शिक्षकांसाठी ‘स्लॉइड’ या नावाने त्याची पद्धतशीर मांडणी केली. स्लॉइडमध्ये मूल घरात वापरता येईल अशी पूर्ण वस्तू करी. याउलट मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयातील पद्धतीत सांधे, खाचा, कापणी असे सुटे सराव क्रमाने करवून घेत. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनामुळे ही पद्धत अमेरिकेत पसरली. पहिल्या पद्धतीचे लक्ष मुलाकडे, तर दुसरीचे कौशल्याकडे होते.

महाराष्ट्रात हस्तकौशल्य शाळेबाहेर, घरात व जातीच्या व्यवसायात शिकले जाई. एकोणिसाव्या शतकातील सरकारी शाळा वाचन, लेखन व हिशेब यांपुरत्या मर्यादित राहिल्या. त्यामुळे शिकलेला मुलगा हातकामापासून दुरावतो, ही तक्रार त्या काळीच सुरू झाली. महात्मा फुले (१८२७–९०) यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश करावा, असे सुचविले. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे औद्योगिक शाळा चालविली. विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) यांच्या समर्थ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षणाला उद्योगाची जोड होती; ते विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले.

हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी आणण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न वर्धा येथे झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन (१८९७–१९६९) यांच्या समितीने सात वर्षांच्या मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार केली. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे देण्यात आली. मातृभाषेला ४० मिनिटे मिळाली, तर सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञान यांना मिळून ३० मिनिटे होती. इतर विषय उद्योगातूनच शिकवावयाचे, हे समवायाचे तत्त्व होय. सूतकताईत त्यास खरोखर वाव होता. पेळू करताना कापसाच्या जाती व हवामान यांचा विचार येतो. ६४० तारांची गुंडी व १६० तारांची लटी मोजताना गुणाकार-भागाकार येतात. सुताचा अंक काढताना लांबी व वजन यांचे प्रमाण समजावे लागते. सुताची जाडी बदलली, की अंक का बदलतो, हे मूल स्वतःच्या हातातील सुतावरून पडताळू शके.

तथापि असा समवाय साधण्यासाठी उद्योगात व विषयात सारखाच मुरलेला शिक्षक हवा. सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाने असे शिक्षक तयार केले, पण त्यांची संख्या गरजेच्या मानाने अल्पच होती. मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने (१९३७–३९) योजनेचा स्वीकार केला आणि स्वातंत्र्यानंतर तिचा विस्तार झाला. सूतकताई-विणकाम, शेती, लाकूडकाम व पुठ्ठाकाम हे उद्योग ठेवण्यात आले; परंतु बहुसंख्य शाळांत टकळीच उरली. तीस रंधे व तीस करवती घेण्यापेक्षा तीस टकळ्या घेणे सोपे, आणि त्यांना वेगळी खोलीही लागत नाही. शिक्षणतत्त्वापेक्षा शाळेच्या इमारतीनेच उद्योग ठरविला, असे म्हणावे लागते. शिवाय मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचे वेतन निघावे, ही स्वावलंबनाची अपेक्षा प्रारंभापासून वादग्रस्त ठरली. नवशिक्या हातांचे सूत विकले जात नव्हते आणि मुलांचे श्रम वापरले जात असल्याचा आक्षेप टाळता येत नव्हता. पालकांचा विरोध याहून मूलगामी होता. माध्यमिक शाळा व नोकरी यांचा रस्ता इंग्रजी आणि गणित यांतून जात असताना आपल्याच मुलांनी कातत का बसावे, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. शहरातील मुलांना टकळी नव्हती आणि खेड्यातील मुलांना होती, तेथे तो न्यायाचाच प्रश्न होता.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ ही संज्ञा पुढे आणली व त्याचा संबंध खेड्यातील हस्तोद्योगाऐवजी शेती व आधुनिक तंत्रज्ञान यांच्याशी जोडला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे नाव सुचविले. महाराष्ट्रात कार्यानुभव हा शालेय विषय झाला, पण आठवड्यातील एक-दोन तासिकांमध्ये कागदी फुले व तोरणे यांवरच बहुतेक ठिकाणी भागविण्यात आले.

मूलोद्योगाच्या कल्पनेची एक खूण आदिवासी भागात नावापुरती टिकून आहे. ठक्करबाप्पांच्या दाहोद येथील भील सेवा मंडळापासून (१९२२) निवासी आश्रमशाळांना उद्योगाची जोड असे. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ पासून आश्रमशाळांचा विस्तार केला; त्यांपैकी माध्यमिक वर्गांच्या शाळांना ‘पोस्ट बेसिक’, म्हणजे मूलोद्योगोत्तर, असे म्हणण्याचा प्रघात आहे. भंडारदरा परिसरातील आश्रमशाळा राजूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेत येतात. प्रवरेवरील विल्सन धरणाच्या (१९२६) भोवतालच्या या अतिवृष्टीच्या व भातशेतीच्या मुलखात महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती आहे. भातलावणीच्या वेळचे इरले बांबूच्या कामट्या व पळसाची पाने यांपासून बनते. कणगी बांबूने विणून शेणमातीने सारवतात. कोवळा बांबू कीड लवकर धरतो, तो कोणत्या हंगामात तोडावा, कामटी किती पातळ काढली असता वाकते पण मोडत नाही, हे ज्ञान घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असते. निवासी शाळेत गेलेले मूल वर्षाचा मोठा भाग या वडीलधाऱ्यांपासून दूर राहते. ज्या शिक्षणपद्धतीने घरचा उद्योग शाळेत आणावयाचा, तीच येथे मुलाला त्या उद्योगापासून तोडू शकते, ही विसंगती शिक्षणशास्त्रज्ञांनी फारशी विचारात घेतलेली नाही.

निराळ्या वाटेने जाणारा प्रयोग श्रीनाथ कलबाग यांनी पाबळ (ता. शिरूर, जि. पुणे) येथील विज्ञान आश्रमात १९८३ पासून केला. तेथे लोहकाम, वीज, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य यांसारखी कामे मुले गावाला लागणाऱ्या प्रत्यक्ष सेवा देत शिकतात. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने हा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांतही गेला. त्यात एकच उद्योग वर्षभर न धरता अनेक कामे फिरत्या क्रमाने दिली जातात आणि तयार वस्तू गावातील कोणी तरी खरोखर वापरते. टकळीच्या सुताला मिळाला नाही, तो ग्राहक येथे आधी शोधलेला असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा ‘दप्तरविना’ काळ सुचविला असून त्यात सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करण्याची तरतूद आहे. ३ तास २० मिनिटे रोज आणि दहा दिवस, हे अंतर ८३ वर्षांत पडले आहे.