चिकित्सक बुद्धी आणि नेतृत्व : चिंतामणराव देशमुखांच्या कारकिर्दीतून

'चिकित्सक' हा शब्द आपल्याकडे काहीसा बदनाम झाला आहे. एखाद्या विश्वस्त मंडळाच्या किंवा पतसंस्थेच्या सभेत कोणी दोन प्रश्न अधिक विचारले, की 'हे गृहस्थ फार चिकित्सा करतात' अशी कुजबुज सुरू होते. धडाडी, झटपट निर्णय आणि ठाम आवाज म्हणजेच नेतृत्व, ही समजूत त्यामागे असते. तिला आपल्याच रायगड जिल्ह्यातील एका थोर पुरुषाच्या कारकिर्दीत चोख उत्तर सापडते. ते म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. बालपण बहुतांशी कुंडलिकेच्या काठी, रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला मात्र त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. आधी नीट निरखावे आणि मगच नाव द्यावे, ही वनस्पतिशास्त्रज्ञाची शिस्त त्यांच्या पुढील प्रशासकीय कामातही उतरली असावी, असे मला वाटते. आय.सी.एस. होऊन ते मध्य प्रांतात रुजू झाले, १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले.

बँकेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला त्यांच्या कारकिर्दीतील १९४६ चे प्रकरण विशेष बोलके वाटते. महायुद्धाच्या काळात काळ्या बाजारातून अमाप पैसा साठला होता. तो बाहेर काढावा, म्हणून पाचशे रुपये व त्यावरील किमतीच्या नोटा रद्द करण्याचे सरकारने ठरविले. हेतू चांगला होता आणि लोकांनाही तो आवडण्यासारखा होता. अशा वेळी होकार देणे सर्वांत सोपे असते. परंतु या उपायाने हाती फारसे काही लागेल काय, याविषयी देशमुखांना शंका होती आणि ती त्यांनी सरकारपुढे मांडली. सरकारने निर्णय कायम ठेवला व १२ जानेवारी १९४६ रोजी वटहुकूम निघाला. त्यानंतर त्याची अंमलबजावणी रिझर्व्ह बँकेने देशमुखांच्याच नेतृत्वाखाली केली. परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. चलनात असलेल्या सुमारे १४३.९७ कोटींच्या मोठ्या नोटांपैकी १३४.९ कोटींच्या नोटा १९४७ अखेरपर्यंत बदलून घेतल्या गेल्या. परत न आलेल्या नोटा जेमतेम नऊ कोटींच्या होत्या.

शंका खरी ठरली, एवढ्यासाठी हे प्रकरण मी सांगत नाही. शंका खोटीही ठरू शकली असती. ती निर्णयापूर्वी मांडली गेली, ज्यांना निर्णय घ्यायचा होता त्यांच्यापुढे मांडली गेली, आणि निर्णय झाल्यावर कामात कुचराई झाली नाही, हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. सभेत सारे गप्प असतात आणि सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर 'मला आधीच वाटले होते' याची चढाओढ लागते.

चिकित्सा म्हणजे केवळ नकार नव्हे, हे पुढील उदाहरणावरून दिसते. खेड्यांतील शेतकऱ्याला कर्ज कोण देतो, याविषयी स्वातंत्र्योत्तर काळात मते पुष्कळ होती, माहिती थोडी होती. १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला तिच्या समितीचे अध्यक्ष होते आणि आपले धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे पाहिली गेली. निष्कर्ष सहकाराच्या अभिमान्यांना झोंबणारा होता. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा तर एक टक्क्याहूनही कमी, आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. पन्नास वर्षांच्या सहकारी चळवळीचे हे फलित! समितीने ते झाकले नाही, आणि म्हणून सहकार मोडीतही काढला नाही. शासनाने भागीदार होऊन त्याला बळ द्यावे आणि खेड्यांकडे जाणारी एक मोठी बँक उभारावी, असे तिने सुचविले. अर्थमंत्री देशमुखांनी त्या दिशेने पाऊल उचलले. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत किमान ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्यानेच घातले गेले. याचे श्रेय एकट्या देशमुखांचे नव्हे. पण गैरसोयीची आकडेवारी बाजूला न सारता तिच्यावर धोरण उभारणे, हेही नेत्याचेच काम असते.

सर्वांत कठीण कसोटी १९५६ मध्ये आली. चिंतामणराव त्या वेळी आपल्या तत्कालीन कुलाबा मतदारसंघाचे खासदार होते. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचे पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केले होते आणि आंदोलकांवरील गोळीबारात माणसे मेली होती. देशमुखांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत आपली बाजू मांडली. मुंबईविषयीच्या घोषणेपूर्वी मंत्रिमंडळात रीतसर विचारविनिमय झाला नाही आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. नेहरूंना ते मान्य नव्हते. आपल्या मनाप्रमाणे निर्णय झाला नाही, एवढीच ही तक्रार नव्हती. निर्णय कोणत्या मार्गाने झाला, असाही प्रश्न तिच्यात होता. १९४६ मध्ये मतभेद असूनही ते पदावर राहिले, १९५६ मध्ये त्यांनी पद सोडले. मला यात विसंगती दिसत नाही. पहिल्या वेळी त्यांचे म्हणणे ऐकून निर्णय झाला होता. दुसऱ्या वेळी विचारच झाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, मंत्री मात्र पुन्हा झाले नाहीत.

हे सारे दिल्लीचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. सप्टेंबर २०१० मध्ये याच जिल्ह्यातील पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांचे प्रकरण उघडकीस आले आणि लाखाहून अधिक ठेवीदारांची पुंजी अडकून पडली. त्यांत निवृत्तिवेतनाचे पैसे ठेवलेले होते, मुलींच्या लग्नासाठी साठविणारे होते. दोष कोणाचा व किती, हे ठरविणे न्यायालयांचे काम आहे. परंतु संचालक मंडळापुढे येणारा प्रत्येक कागद कोणीतरी वाचावा लागतो, एवढे त्यावरून नक्की कळते.

आपल्या समाजातील अनेक जण पेढ्या चालवितात, पतसंस्थांचे संचालक आहेत, धर्मशाळा व शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात, हे अनेकान्ताचे सूत्र आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. कर्जाच्या अर्जापुढे मात्र ओळखीच्या घराण्याची एकच बाजू पाहिली जाते. माझ्या नोकरीच्या काळात मी प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारीत असे. कर्जाची परतफेड नेमकी कोणत्या उत्पन्नातून होणार? हा अंदाज चुकला, तर नुकसान कोणाचे होणार? कोणती माहिती हाती आली, तर मी माझे मत बदलीन? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणतीच नाही' असे आले, तर तो प्रस्ताव आपण तपासलाच नाही असे समजावे. घरच्या दुकानात मुलगा किंवा सून नवी योजना मांडते, तेव्हाही हे प्रश्न चालतात. फक्त ते वडीलकीच्या स्वरात विचारू नयेत, नाहीतर पुढच्या वेळी योजना आपल्यापर्यंत येतच नाही.

सहकारी संस्थेच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य तिच्या निर्णयांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. आपली असहमती इतिवृत्तात नोंदवून घेता येते, हे अनेक संचालकांना ठाऊकच नसते. पुढील सभेची विषयपत्रिका हाती आली, की मागील सभेचे इतिवृत्त आपण खरोखर वाचून कायम केले होते काय, एवढे आधी पाहावे.