परिचारिकेचे मन कोण जपणार?

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात पाऊल ठेवले की आपण आधी 'सिस्टर' अशी हाक मारतो. सलाईन संपली, ताप चढला, बाळ रडते आहे; धावून तीच येते. उमरगा, लोहारा, भूम, परंड्याहून आलेल्या घाबरलेल्या नातेवाइकांचा रागही आधी तिच्यावरच निघतो. तरी तिने हसतमुख राहावे, अशी आपली अपेक्षा असते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामावर लिहिताना 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे, असे रोज वागावे लागले की माणूस आतून थकतो, स्वतःलाच परका होतो. परिचारिकेचे काम तर त्याहून कठीण. एका खाटेवरचा रुग्ण दगावलेला असतो आणि शेजारच्या खाटेवरच्याला तिला लगेच धीर द्यायचा असतो.

आपल्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. किल्लारी-सास्तूर परिसरातील भूकंपात हजारो माणसे गेली, जखमींनी दवाखाने भरले. २०२० मध्ये कोरोना आला. दोन्ही वेळी परिचारिका पाय रोवून उभ्या राहिल्या. आपण त्यांना फरिश्ते म्हटले. पण फरिश्त्यांना झोप लागत नाही, भूक लागत नाही. या तर आपल्याच लेकीबाळी आहेत.

आपल्या घरांत 'सब्र कर' असे सहज म्हटले जाते. मात्र सब्र म्हणजे अश्रू गिळणे नव्हे. पुत्र इब्राहीम यांच्या निधनावेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांचेही डोळे पाणावले होते. दुःख कबूल करूनही माणूस खंबीर राहू शकतो.

म्हणून घरच्यांना आमचे सांगणे आहे. नाईट ड्युटी करून आलेल्या लेकीला किंवा सुनेला आधी झोपू द्या; सकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी करावा. रुग्णाचे नाव न सांगता तिला मन मोकळे करायचे असेल, तर मध्ये न बोलता ऐका. 'रात्रीची नोकरी कशाला?' असे शेजारी कुजबुजले, तर उत्तर तिने नव्हे, अब्बांनी किंवा शोहरने द्यावे. दवाखान्यातही वॉर्डात मृत्यू झाल्यावर वरिष्ठ सिस्टरने तिला पाच मिनिटे बसू द्यावे, घोटभर चहा द्यावा.

ड्युटीवर तिला चेहरा सावरावाच लागतो. निदान घराच्या उंबऱ्याआत तरी तो सावरण्याची वेळ तिच्यावर येऊ नये.