गांवचा ठराव

प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरांत इतिवृत्ताची एक वही असते. ग्रामसभा केव्हां भरली, कोण हजर होतें, कोणते विषय निघाले आणि कोणते ठराव संमत झाले, हें सर्व त्या वहींत उतरविलेलें असतें. ही वही चाळूं लागल्यास तींतील ठरावांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील ठराव सरकाराकडे कांहीं मागतात: रस्ता द्यावा, टाकी बांधावी, शाळेला खोली मिळावी, टँकर पाठवावा. दुसऱ्या वर्गांतील ठराव गांवाकडूनच कांहीं मागतात: अमुक माळावर गुरें सोडूं नयेत, अमुक दिवशीं प्रत्येक घरच्या एका माणसानें कुदळ-फावडें घेऊन यावें, अमुक पीक घेऊं नये. पहिल्या वर्गाचे ठराव संख्येनें पुष्कळ असतात. दुसऱ्या वर्गाचे थोडे. परंतु महाराष्ट्रांत जीं गांवें सुधारलीं म्हणून नांवाजलीं गेलीं, त्यांचा वृत्तांत पाहिला तर तो मुख्यतः या दुसऱ्या वर्गाच्या ठरावांचाच वृत्तांत आहे असें दिसून येईल. जालना जिल्ह्यासारख्या, पाण्याची कायमची ओढ असलेल्या मुलखांत तर ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे.

गांवानें एकत्र बसून आपला कारभार पाहावा, ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाहीं. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’, असा भेद जुन्या काळापासून चालत आला आहे. आणि समस्त पांढरीनें बसून दिलेल्या निवाड्याला पूर्वीं मोठा मान असे. जुन्या महजरांवर नांगरासारख्या निशाण्या उमटलेल्या आढळतात. अक्षरशून्य मनुष्यालाही साक्षीचा अधिकार होता, हें त्यांवरून कळतें. तथापि त्या सभेंत कोणाचा शब्द किती चालावा, हें वतनावर व जातीवर ठरत असे, आणि स्त्रियांना तींत जवळजवळ स्थानच नव्हतें. जुन्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गातांना ही उणीव विसरतां कामा नये.

जालन्याचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पाटील व पटवारी हेच तेथें गांवचा कारभार पाहत. १९५६ सालीं मराठवाडा तेव्हांच्या मुंबई राज्यास जोडला गेला, १९५८ सालीं त्या राज्याचा ग्रामपंचायतींचा कायदा झाला, आणि १ मे १९८१ रोजीं तेव्हांच्या औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील मुलूख काढून जालना हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. १९५८ चा तो कायदा पुढें अनेक वेळां दुरुस्त झाला. परंतु गांवचा कारभार आजही त्याच्याच आधारें चालतो.

सामान्य बोलण्यांत ग्रामपंचायत आणि ग्रामसभा हे शब्द एकाच अर्थानें वापरले जातात. पण त्या दोन निराळ्या संस्था आहेत. ग्रामपंचायत म्हणजे गांवानें निवडून दिलेलें मंडळ. ग्रामसभा म्हणजे गांवच्या मतदारयादींत नांव असलेलीं सर्व माणसें. पंचायतीची मुदत पांच वर्षांची. ग्रामसभेला मुदत नाहीं, आणि तिचें सभासदत्व कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाहीं. विधानसभेंत लोकांचा प्रतिनिधि बसतो. ग्रामसभेंत मात्र मनुष्य स्वतःच बसतो. २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें या सभेला राज्यघटनेंतच स्थान दिलें आहे.

कायद्यानें वर्षांत निदान चार ग्रामसभा भरविणें आवश्यक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीं त्या भरविण्याचा प्रघात पडलेला आहे. सभेची सूचना सात दिवस आधीं द्यावी लागते. एकूण मतदारांच्या १५ टक्के अथवा १०० यांपैकीं जी संख्या कमी, तितके लोक जमले म्हणजे सभेचें काम सुरू करतां येतें. सबळ कारणावांचून सभा न भरविणाऱ्या सरपंचाला आपल्या पदास मुकावें लागूं शकतें. नियमित ग्रामसभेच्या आधीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेंही बंधन आहे. कारण भर सभेंत सासऱ्या-दिरांसमोर जी गोष्ट बोलली जात नाहीं, ती बायकांच्या सभेंत मोकळेपणानें निघते. २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागाही स्त्रियांसाठीं राखलेल्या आहेत.

या नियमांतच एक पळवाटही आहे. पुरेसे लोक न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हां भरली म्हणजे तिला गणसंख्येची अट उरत नाहीं. याचा अर्थ असा कीं, गांव घरीं बसलें तर दहा-पंधरा माणसांनीं केलेला ठराव हाच साऱ्या गांवचा ठराव ठरतो. मागाहून पारावर बसून त्याला कितीही नांवें ठेवलीं, तरी वहींतील अक्षर बदलत नाहीं.

ग्रामसभेपुढें येणारा पहिला महत्त्वाचा विषय म्हणजे पैशाचा हिशेब. मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल आणि हिशेब-तपासनिसाचे शेरे वर्षाच्या पहिल्या सभेपुढें ठेवावे लागतात. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नांतून १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणाकडे, १५ टक्के मागासवर्गीयांच्या हिताकडे आणि ५ टक्के दिव्यांगांकडे खर्च व्हावी, असा दंडक आहे. या आंकड्यांविषयीं एका मतदारानें उभें राहून साधा प्रश्न विचारला, तरी हिशेब लिहिणाऱ्याची लेखणी पुढच्या वर्षीं अधिक जपून चालते. परंतु हिशेब विचारण्याचा हक्क आणि पट्टी भरण्याचें कर्तव्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. शेजारच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील पाटोदा या गांवीं भास्करराव पेरे पाटील सरपंच असतांना सर्व कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबास वर्षभर दळण फुकट दळून देण्याची योजना करण्यांत आली. गिरणीच्या जात्यानें जें साधलें, तें जप्तीच्या नोटिशीनें साधलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे.

दुसरा विषय पाण्याचा. आणि जालना जिल्ह्यांत इतर सर्व विषय अखेर याच विषयाला येऊन मिळतात. २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळून गेल्या. दहा-बारा वर्षें पोटच्या पोरासारखीं जोपासलेलीं झाडें शेतकऱ्यांना आपल्या हातानें तोडावीं लागलीं. अशा वर्षीं ‘पाऊसच नाहीं, तेथें सभा काय करणार?’ असा प्रश्न साहजिकच उठतो. त्याचें उत्तर थोड्या अंकगणितानें देतां येतें.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडतें. जिल्ह्याचें पाऊसमान सरासरीनें ६०० ते ७०० मिलिमीटरांच्या घरांत आहे. उदाहरणादाखल १,००० हेक्टर शिवाराचें आणि १,५०० वस्तीचें एक गांव घ्यावें. ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या शिवारावर वर्षांत ६०० कोटी लिटर पाणी पडतें. माणशीं रोज ५५ लिटर धरल्यास साऱ्या गांवाला घरगुती वापरासाठीं वर्षाला सुमारें ३ कोटी लिटर पाणी पुरतें. म्हणजे पडलेल्या पावसाचा अवघा दोनशेंवा हिस्सा! पाऊस निम्म्यानें घटला, तरी हा हिस्सा शंभरावा होतो, एवढेंच. आतां दुसरी बाजू पाहावी. पाटानें भिजविलेल्या एक हेक्टर उसाला सुमारें २ कोटी लिटर पाणी लागतें. तेव्हां दीड हेक्टर ऊस जितकें पाणी पितो, तितक्यांत पंधराशें माणसांचें वर्ष निघतें. पाऊस कमी पडणें हें माणसाच्या हातचें नाहीं. पण पडलेल्या पाण्यापैकीं किती अडवावें आणि अडविलेलें कोणी किती घ्यावें, हें सर्वस्वीं माणसांच्या हातचें आहे. आणि तें एकट्या-दुकट्याच्या हातचें नसून साऱ्या गांवाच्या हातचें आहे. वरच्याच्या शेतांत मुरलेलें पाणी खालच्याच्या विहिरींत उतरतें. जमिनीखालचें पाणी सात-बारा पाहून वाहत नाहीं.

ही गोष्ट कृतींत कशी आणावी, याचा धडा जिल्ह्यांतच मिळतो. जालना तालुक्यांतील कडवंची या गांवीं १९९६ च्या सुमारास भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखालीं काम सुरू झालें. पैशाची व्यवस्था नाबार्डकडे होती, आणि खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्र चालविणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळानें मार्गदर्शन केलें. या कार्यक्रमाची रीत अशी होती कीं, गांवानें आधीं आपली तयारी सिद्ध करावी आणि मग पैसा मिळावा. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या अटी गांवानें मान्य करावयाच्या, आणि कामावर देखरेख करण्यासाठीं गांवानेंच आपली पाणलोट समिति नेमावयाची. काम माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचें: आधीं डोंगरउतारावर समपातळींत चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि सरतेशेवटीं नाल्यावर बंधारे. यांत प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या जमिनीची थोडी पट्टी बांधासाठीं सोडावी लागते, आणि त्याचा लाभ कित्येकदां शेजाऱ्याच्या विहिरीला आधीं होतो. असा त्याग हुकुमानें होत नाहीं. चारचौघांत बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून दिलेल्या शब्दानेंच होतो. पुढें कडवंचींत शेततळीं झालीं, द्राक्षांचे मळे उभे राहिले. आणि २०१२-१३ सालीं जिल्हा होरपळत असतां तेथील बागा तगल्या, म्हणून या गांवाचें नांव दूरवर पोंचलें.

अर्थात् शेततळें झालें म्हणजे सर्व कांहीं साधलें, असें समजणें चुकीचें होईल. पावसाचें वाहतें पाणी शेततळ्यांत साठविणें ही बचत आहे. विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यांत भरून ठेवणें मात्र निराळें आहे. त्या योगें सर्वांच्या जमिनीखालचें पाणी एकाच्या मालकीचें होतें, आणि उन्हांत त्याची वाफ होते ती वेगळीच. तेव्हां पाणी अडविण्याचा ठराव झाल्यावर पाणी वांटण्याचा ठराव करणें, हें त्याहून अवघड काम शिल्लक राहतें.

तें अवघड काम अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें पत्करलें. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें १९९० नंतर त्या गांवाचा कारभार पालटला. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांबरोबरच शेतीसाठीं कूपनलिका घेऊं नयेत आणि उसासारखीं तहानलेलीं पिकें करूं नयेत, असे निर्बंध गांवानें आपणहून घालून घेतले. पावसाळा संपला म्हणजे पडलेल्या पावसाचा व विहिरींतील पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडावयाचा, आणि त्यावरून रब्बीला काय पेरावें हें ठरवावयाचें, अशी तेथें वहिवाट पडली. पैशाचा जमाखर्च सर्वच गांवें ठेवतात. या गांवानें पाण्याचाही ठेवला.

ठरावाचें सामर्थ्य केवळ माती-पाण्यापुरतें नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवानें ४ मे २०२२ रोजीं विधवेचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढून घेणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनाही त्याचें अनुकरण करण्याविषयीं सुचविलें. येथें गांवानें सरकाराकडे कांहीं मागितलें नाहीं. उलट सरकारनें गांवापासून घेतलें. ‘गांव करी तें राव न करी’ ही म्हण अशा वेळीं अक्षरशः खरी ठरते.

जालना जिल्ह्यांत अशी सभा भरविण्यास एक अडचण आहे, आणि ती सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. येथील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या आगेमागें ऊसतोडीसाठीं परमुलखांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. २६ जानेवारीस झेंडावंदनानंतर सभा भरते, त्या वेळीं गांवांतील सर्वांत गरजू माणसें गांवांत नसतातच. त्यांच्या घरांना कुलपें असतात, आणि त्यांच्या विषयींचे ठराव त्यांच्यावांचून होतात. म्हणून या जिल्ह्यापुरती २ ऑक्टोबरची सभा सर्वांत मोलाची मानली पाहिजे. त्या वेळीं पावसाळा सरलेला असतो, विहिरींची पातळी मोजतां येते, रब्बीची पेरणी अजून व्हावयाची असते, आणि कोयते घेऊन गाड्या निघालेल्या नसतात.

त्या दिवशीं सभेनें फार कांहीं करूं नये. तीन गोष्टी कराव्या. प्रथम गेल्या सभेचे ठराव वाचून प्रत्येकाचें काय झालें तें विचारावें. नंतर यंदां पाऊस किती पडला, विहिरींत किती हात पाणी आहे आणि तें कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, हें फळ्यावर खडूनें लिहावें. शेवटीं सरकाराकडे कांहीं मागणारा एक ठराव करावयाचा असेल, तर गांवाकडून कांहीं मागणाराही एक ठराव त्याच्या जोडीला करावा, आणि हात वर करणाऱ्यांचीं नांवें वहींत लिहून ठेवावीं. मागणीचा कागद तालुक्याला जाईल आणि त्याच्या गतीनें परत येईल. दुसऱ्या ठरावाचें काम मात्र दुसऱ्याच दिवशीं सकाळीं सुरू करतां येतें.