चित्रातून गाळलेली आगगाडी

चित्रकार थॉमस कोलने हडसनच्या खोऱ्यातल्या कॅट्सकिल गावाजवळची एकच दरी पुन्हा पुन्हा रंगवली. त्यातली दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले १८३६-३७चे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले. संथ ओढा, काठाने दाट झाडी, मागे निळसर डोंगर आणि पुढ्यात तान्ह्या बाळाकडे फुले घेऊन येणारी बाई. दुसरे १८४३चे, बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातले. डोंगर तेच, ओढाही तोच; पण पुढची झाडी गेली आहे, तोडलेली खोडे इतस्ततः पडली आहेत, कुऱ्हाडवाला माणूस उभा आहे, आणि दूर एका चिमुकल्या पुलावरून धूर सोडत आगगाडी चालली आहे.

कुणीही म्हणेल, १८३७ साली दरीत रेल्वे नव्हती, १८४३पर्यंत आली. घडले होते नेमके उलटे. पहिल्या चित्राच्या वेळी त्या दरीत कॅनाजोहारी-कॅट्सकिल रेल्वेचे काम जोरात चालू होते. आपल्या लाडक्या दरीतली झाडे धडाधड पडताहेत, अशी तक्रार कोलने मार्च १८३६मध्ये आपला आश्रयदाता ल्यूमन रीड याला पत्राने कळवली होती. तरी चित्रात त्याने झाडे उभी ठेवली आणि रूळ गाळले. दुसरे चित्र रंगवले तोवर ती रेल्वे कंपनी बुडाली होती. १८४२ साली गाडी बंदच पडली. म्हणजे उभारल्या जाणाऱ्या रेल्वेला त्याने चित्राबाहेर ठेवले आणि बंद पडलेली गाडी रंगवून आत आणली.

अमेरिकेचा मुलूख, तिथली शहरे आणि घरे गेल्या दोनशे वर्षांत ज्या वेगाने बदलली, त्याचा हिशेब तिथल्या चित्रकारांनी कसा मांडला, हे पाहायचे तर रुळांचा माग काढत जावे असे मला वाटते. कुणी रूळ गाळले, कुणाला ते मालकाच्या हुकमावरून घालावे लागले, आणि कुणी थेट गाडीतल्या माणसांकडेच पाहिले, यातून चित्रकाराची बाजू त्याच्या जाहीर मतांपेक्षा स्पष्ट कळते.

कोल मुळात इंग्लंडचा. १८०१ साली लँकशायरमधल्या बोल्टनला जन्मला. तो गिरण्यांचा, धुराचा, यंत्रे फोडणाऱ्या कामगारांचा प्रदेश. पोरवयात त्याने चिटाच्या छपाईसाठी नक्षी कोरायचे काम केले. १८१८ साली कुटुंबासह अमेरिकेला आला आणि १८२५मध्ये हडसन नदीने वर जाऊन त्याने पहिली मोठी निसर्गचित्रे केली. त्याच वर्षी ईरी कालवा खुला झाला आणि हडसनचे खोरे व्यापाराचा राजरस्ता बनले. यंत्रयुग पुढे काय करते हे या माणसाने लहानपणीच पाहिले होते. अमेरिकेत जन्मलेल्या त्याच्या चाहत्यांना ते अजून पाहायचे होते.

१८३६चे त्याचे ‘द ऑक्सबो’ हे चित्र जवळजवळ दोन मीटर रुंद आहे. माउंट होल्योकवरून दिसणारे कनेक्टिकट नदीचे वळण. डावीकडे वादळ, मोडलेले झाड, रान; उजवीकडे ऊन, आखीव शेते, होड्या. मधे कातळाआड टोपी घातलेला इवलासा कोल स्वतः रंगवत बसला आहे आणि मान वळवून आपल्याकडे बघतो आहे. पलीकडच्या डोंगरावर तोडीचे पट्टे आहेत. त्यांत काही अभ्यासकांना हिब्रू अक्षरे दिसली. मला दिसतात ते तोडीचेच पट्टे, आणि तेवढे पुरेसे आहेत. गंमत अशी की ज्या वळणावर चित्र उभे आहे ते नदीने स्वतःच मोडले: १८४०च्या पुरात पाणी वळणाची मान कापून सरळ गेले. आज त्याच ठिकाणावरून आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९१ जातो.

कोलने आणखी एक गोष्ट गाळली आणि तिच्याबद्दल पत्रातून तक्रारही केली नाही. हडसनचे हे खोरे मोहिकन लोकांचे होते. कोल तिथे चित्रे काढत होता त्याच सुमाराला त्यांच्यातले उरलेसुरले पश्चिमेला विस्कॉन्सिनकडे ढकलले जात होते. कोलच्या चित्रांत ते येतात ते कादंबरीतली पात्रे म्हणून किंवा कड्यावरची एकटी, नक्षीदार आकृती म्हणून. झाडांसाठी हळहळणाऱ्या या चित्रकाराला माणसे गेल्याचे दिसले नाही की बोचले नाही, कोण जाणे. पण ‘अस्पर्श निसर्ग’ ही त्याच्या चाहत्यांची आवडती कल्पना त्या विस्थापनावरच उभी होती, हे विसरून ही चित्रे पाहता येत नाहीत. आणि १८३६-३७चे ते रूळ नसलेले चित्र ज्याच्यासाठी काढले गेले, तो व्यापारी जोनाथन स्टर्जेस पुढे इलिनॉय सेंट्रल या रेल्वेच्या संचालकांपैकी एक झाला. दिवाणखान्यात रेल्वेविना दरी, कचेरीत रेल्वेचे शेअर.

जॉर्ज इनेस या चित्रकारापुढे रूळ गाळण्याचा पर्यायच नव्हता. १८५५च्या सुमाराला डेलावेअर, लॅकवॉना अँड वेस्टर्न या रेल्वेच्या अध्यक्षांनी त्याला पंचाहत्तर डॉलर देऊन स्क्रँटनचे चित्र मागितले. पेनसिल्व्हेनियातले हे गाव कोळसा आणि लोखंडावर फुगत होते. कंपनीला आपली मालमत्ता दिसायला हवी होती. इंजिनांची गोल शेड तेव्हा पुरती बांधूनही झाली नव्हती, तरी ती पुरी दाखवायची. रूळ प्रत्यक्षात होते त्याहून जास्त. इंजिनावर कंपनीची आद्याक्षरे. कलावंताने कुरकुर केली, पण घरात पोरेबाळे होती. ‘द लॅकवॉना व्हॅली’ आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्यात गवतावर पहुडलेला एक पोरगा येणारी गाडी आरामात बघतो आहे, आणि त्याच्यापासून शेडपर्यंतचे अख्खे माळरान तोडलेल्या बुंध्यांनी भरलेले आहे. कंपनीने बुंधे मागितले नसणार. पण तिने त्यांना हरकतही घेतली नाही, कारण तिच्या लेखी बुंधा म्हणजे प्रगतीची पावती. आज त्याच चित्राकडे बघून पोटात कालवते. सुमारे पस्तीस वर्षांनी मेक्सिको सिटीतल्या एका जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानात इनेसला स्वतःचे हे चित्र सापडले आणि त्याने ते विकत घेतले. कंपनीला त्याची गरज उरली नव्हती.

बुंध्यांचा विषय निघाला की चित्रकार सॅनफर्ड गिफर्डला टाळता येत नाही. १८६६चे ‘हंटर माउंटन, ट्वायलाइट’. मागे संध्याकाळचा सोनेरी डोंगर, चंद्रकोर, आणि पुढे उतारावर कापलेल्या झाडांचे खुंट. कॅट्सकिलमधली हेमलॉकची झाडे (सॉक्रेटिसाला दिले ते विष वेगळ्या वनस्पतीचे, हा पाइनसारखा उंच सूचिपर्णी वृक्ष) कातडी कमावण्यासाठी लागणाऱ्या सालीपायी पाडली जात. साल सोलून न्यायची, खोड बहुधा तिथेच कुजायला सोडायचे. यादवी युद्ध संपून वर्षच झाले होते आणि गिफर्ड स्वतः पलटणीत जाऊन आला होता, त्यामुळे त्या खुंटांत मेलेले सैनिक पाहणारे समीक्षकही आहेत. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते चित्र कुणाकडे गेले हे. ते घेतले जेम्स पिंशो याने. वॉलपेपरचा व्यापारी, आणि घराण्याचा पैसा पेनसिल्व्हेनियातल्या जंगलतोडीतून आलेला. चित्रकाराशी इतका स्नेह की १८६५ला जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने गिफर्ड ठेवले. हाच गिफर्ड पिंशो १९०५मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. एका चित्रामुळे जंगले वाचली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तोडीवर पोसलेल्या घरात त्या तोडीचेच चित्र भिंतीवर होते आणि पोरगा त्याच्याखाली वाढला, एवढे म्हणता येते.

पुढे अर्धशतकात रेल्वे इतकी अंगवळणी पडली की चित्रकारांना तिच्याबद्दल काही वाटेनासे झाले. मग एडवर्ड हॉपर आला. तोही हडसनकाठचाच, १८८२ साली न्याकला जन्मलेला. १९२५च्या त्याच्या ‘हाउस बाय द रेलरोड’मध्ये उतरत्या कमानदार छपराचे, खांबाखांबांचे, एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंतीचे एक उंच घर आहे. झाड नाही, माणूस नाही, कुंपण नाही. चित्राच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत रूळ गेले आहेत आणि त्यांनी घराचा पाया झाकून टाकला आहे. घर जमिनीवर उभे आहे की रुळांवर ठेवले आहे, सांगता येत नाही. कोलच्या चित्रात गाडी क्षितिजाजवळ ठिपक्याएवढी होती. इथे रूळ आपल्या आणि घराच्या मधे आडवे पडले आहेत, आणि त्या घराकडे जायची वाट कुठे दिसत नाही. १९३०च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या कायम संग्रहात आलेले हे पहिले रंगचित्र. हिचकॉकच्या ‘सायको’मधल्या टेकडीवरच्या घराचे मूळ यातच आहे असे मानतात, पण त्यामुळे या चित्राला उगाच भुताटकी चिकटली. मूळ घर भेसूर नाही, नुसते मागे पडलेले आहे.

हॉपरचा गाळण्याचा हात कोलपेक्षाही कठोर. १९३०च्या ‘अर्ली संडे मॉर्निंग’मध्ये सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरची दुमजली दुकानांची रांग आहे, एका खिडकीत रंगवलेली मानवाकृती त्याने नंतर बुजवली. त्या वर्षी मॅनहॅटनमध्ये क्रायसलर इमारत उभी राहिली होती, एम्पायर स्टेट चढत होती, आणि हॉपरने त्या सगळ्या उंचीला उजव्या कोपऱ्यात एक काळपट चौकोनी तुकडा देऊन वाटेला लावले. तो तुकडा नजरेला आला की मग चित्रातले ऊन पहिल्यासारखे निवांत राहत नाही. तो स्वतः वॉशिंग्टन स्क्वेअरला चौऱ्याहत्तर पायऱ्या वर राहायचा, शेगडीचा कोळसा त्या पायऱ्यांवरून वाहून न्यायचा. १९१३पासून १९६७ साली मरेपर्यंत त्याने ती जागा सोडली नाही.

हॉपर जे चौकटीबाहेर ठेवत होता ते बेरेनिस ॲबट कॅमेऱ्यात भरत होती. १९२९मध्ये ती पॅरिसहून परतली आणि आठ वर्षांत ओळखू येईनासे झालेले न्यूयॉर्क बघून तिथेच थांबली. १९३५पासून सरकारी कला योजनेच्या पगारावर तिने शहर टिपले: पाडकाम चाललेले वाडे, त्यांच्या मागून डोकावणारे मनोरे, उन्नत रेल्वेखालची पट्ट्यापट्ट्यांची सावली. ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हे पुस्तक १९३९ला आले, पण एलिझाबेथ मॅककॉसलंड हिने लिहिलेला टोकदार मजकूर प्रकाशकाने नाकारला आणि जागतिक प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीची माहिती छापली. फोटो चालले, शब्द खुपले. तिने टिपलेले पेनसिल्व्हेनिया स्टेशन, ते काच-लोखंडाचे छत आणि त्यातून झरणारा उजेड, १९६३च्या ऑक्टोबरपासून पाडायला घेतले. त्यानंतर, १९६५मध्ये, शहराने वारसा इमारतींसाठी कायदा केला.

इथवर जेवढी चित्रे पाहिली त्यांत गाडी दिसते, रूळ दिसतात, स्टेशनही दिसते. फक्त प्रवासी दिसत नाहीत. ते जेकब लॉरेन्सने दाखवले, वयाच्या तेविसाव्या वर्षी. दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून गठुडी बांधून उत्तरेच्या शहरांकडे निघाली. १९७०पर्यंत अशी सुमारे साठ लाख माणसे गेली. लॉरेन्सचे आईवडील त्यांतलेच. तो हार्लेममध्ये वाढला, १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात बसून त्याने या स्थलांतराचा इतिहास वाचून काढला, आणि १९४०-४१मध्ये साठ छोटे फलक रंगवले. फलकांवर गेसोचा, म्हणजे पांढऱ्या अस्तराचा, थर द्यायला ग्वेंडोलिन नाइट मदतीला होती. पुढे ते दोघे नवरा-बायको झाले. साठही फलक त्याने एकदम मांडले आणि एकेक रंग घेऊन सगळ्यांवर फिरला. म्हणून पहिल्या फलकातला हिरवा साठाव्यातही तोच हिरवा आहे.

पहिल्या फलकात शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुइस अशा तीन खिडक्यांकडे लोटलेली गर्दी. शेवटच्यात फलाटावर आपल्याकडे तोंड करून उभी असलेली गर्दी. मधे कापूस खाणारी कीड आहे, रिकामी शेते आहेत, आणि गाडी चुकावी म्हणून स्टेशनवरच माणसांना घाऊक अटक करणारे पोलीस आहेत. कारण मजूर निघून जाणे मालकांना परवडत नव्हते. उत्तरेत पोचल्यावर घरे येतात: दाटीवाटीच्या खोल्या, आणि नव्या वस्तीत जागा घेऊ पाहणाऱ्यांच्या घरांवर टाकलेले बॉम्ब. हॉपरच्या रिकाम्या घराशेजारी हा बॉम्बचा फलक ठेवला की अमेरिकन घराची दोन टोके दिसतात. एकातून माणसे निघून गेली आहेत, दुसऱ्यात शिरू दिली जात नाहीत. ‘फॉर्च्यून’ या धनिकांच्या मासिकाने नोव्हेंबर १९४१मध्ये यांतले सव्वीस फलक छापले. मग मालिका दोन संस्थांत वाटली गेली: विषम क्रमांक वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे, सम क्रमांक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे. स्थलांतराची गोष्ट सांगणारी चित्रे एरवी अर्धी-अर्धी दोन शहरांत राहतात.

रुळांची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला, हडसनच्या बाजूने, १९३४ साली मालगाड्यांसाठी रस्त्यांच्या वरून लोहमार्ग बांधला होता. १९८०मध्ये त्यावरून शेवटची गाडी गेली. तीन डबे गोठवलेल्या टर्की कोंबड्या घेऊन. नंतर वीस वर्षे त्या रुळांवर वाऱ्याने आलेली माती साचत गेली, बी पडले, गवत कमरेएवढे झाले. २००० साली जोएल स्टर्नफेल्ड आपला मोठा, जड कॅमेरा घेऊन वर चढला आणि वर्षभर सगळ्या ऋतूंत छायाचित्रे घेत राहिला. बर्फातले रूळ, रानफुलांतले रूळ, दोन्हीकडे विटांच्या गोदामांच्या भिंती. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या लाखो न्यूयॉर्ककरांना डोक्यावर काय उगवले आहे याची कल्पना नव्हती. आपण पाहिलेल्या चित्रांत रूळ येतात आणि रान जाते. स्टर्नफेल्डकडे रूळ आधी आले आणि रान मागून आले.

हा मार्ग पाडून टाका, असे जागामालकांचे म्हणणे होते. तो वाचवू पाहणाऱ्यांनी स्टर्नफेल्डचे फोटो पालिकेसमोर आणि देणगीदारांसमोर ठेवले, आणि ते पटले. जून २००९मध्ये हाय लाइन हे उद्यान उघडले. बांधकामासाठी माती काढावी लागली, तिच्याबरोबर ते रानही गेले. रुळांना खुणा लावून ते उचलले आणि काही ठिकाणी परत बसवले. त्यांच्यामधली हल्लीची झाडेझुडपे पीट ऑडॉल्फ या डच उद्यानकाराने निवडून लावलेली आहेत, मूळच्या रानासारखी दिसतील अशी. दोन्ही बाजूंची गोदामे जाऊन काचेचे मनोरे आले आणि भाडी जुन्या रहिवाशांच्या आवाक्याबाहेर गेली. दक्षिण टोकाला २०१५मध्ये व्हिटनी संग्रहालय नव्या इमारतीत आले. हॉपरची ती दुमजली दुकानांची रांग, कोपऱ्यातल्या काळपट तुकड्यासकट, त्यांच्याच संग्रहात आहे.